कठड्यावरून मोजलेले तेरा फूट

“सरळ धर गं तिला, नाहीतर जन्माचं कुबड येईल!” माझ्यावर काळे-तांबडे पट्टे ओढताना सुतार बायकोला म्हणाला होता. तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. मित्रांनो, मी नगरपालिकेची जुनी मोजकाठी. चौदा फूट लांब, फुटाफुटाला आकडा.

नवी होते तेव्हा मी नदीत उतरायचे. गाळात, शेवाळात, गार गार पाण्यात. पूर चढला किती, ओसरला किती, सारे मलाच विचारायचे. “काठी सांगेल ते खरं,” असं लोक म्हणत. मी आपली फुलून जायचे.

मग नदीवर नवा पूल झाला. पुलाखाली नावांना किती जागा उरली, ते मोजायला मोजणीदार मला घेऊन आला. काठावर गटाराचं पाणी तुंबलं होतं. त्याने नाक दाबलं. खाली उतरलाच नाही. पुलावर उभा राहून त्याने मला कठड्यावरून सोडलं. पाण्यापासून कठड्यापर्यंत तेरा फूट भरले. त्यात पुलाची जाडीही आली, कठडाही आला. कागदावर मात्र लिहिलं, ‘पुलाखाली तेरा फूट’. मित्रांनो, गाळाची शिसारी मला कधी आली नाही. त्या कागदाची आली.

नावाडीणबाईची छपराची नाव नऊ फूट उंच. ती पुलाशी अडली. बाजार पलीकडे, बाई अलीकडे. नाव पुलाखालून जात नाही, असा तिने नगरपालिकेकडे अर्ज केला.

सभेत मला पुरावा म्हणून कोपऱ्यात उभं केलं. पहिली सभा ‘नाव’ लिहायचं की ‘होडी’, यातच संपली. दुसरीत चहा गार आला म्हणून भांडण झालं. तिसरीत अध्यक्ष म्हणाले, “बाई, तेरा फुटांत नऊ फूट मावत नाही? नाव फुगली की काय?”

सगळे खो खो हसले.

“चला की घाटावर. डोळ्यांनी बघा,” बाई म्हणाली.

“बघायचं काय त्यात? कागद आहे ना!”

“मग कागदच वल्हवू का, दादा?”

अध्यक्षांचं तोंड कडू झालं. नावेचं छप्पर कापावं, असा ठराव त्यांनी मांडला. त्या छपराखाली तिचे अंथरुणाला खिळलेले सासरे झोपत.

“मामंजींना उन्हात टाकू?” तिने विचारलं.

सभासद छताकडे बघू लागले. एकाने शिपायाला सांगितलं, “त्या काठीने ते कोळिष्टक काढ रे.” शिपायाने मला उचललं. बाई रडत होती, आणि मी छताची जळमटं काढत होते! मला माझ्याच आकड्यांची किळस आली.

मित्रांनो, आम्हा मोजमापाच्या वस्तूंना पुसून ठेवा, वाळवीपासून जपा. पण त्याआधी आम्हाला धरणारा हात जपा. चिखलाला भ्यालेल्या हातात आम्ही मुक्या असतो.

ठरावासाठी हात वर होऊ लागले. भिंतीशी बसलेला मोजणीदार उठला.

“हात खाली घ्या, साहेब. मी पुलाखाली गेलोच नव्हतो. घाण वास येत होता म्हणून वरूनच मोजलं. खाली आठ फूटसुद्धा नाही. बाई पहिल्या दिवसापासून खरं बोलतेय... आणि मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”