संडासातल्या खिळ्यावरून

मी एक जुना एनिमाचा डबा आहे. हसलात ना? हसा. माझे नाव काढले की लोक नाक मुरडतात, याची मला सवय झाली आहे.

मित्रांनो, कारखान्यात माझ्याबरोबर पांढरा मुलामा चढलेली माझी भावंडे, ताटल्या आणि पेले, लोकांच्या स्वयंपाकघरात गेली. मला बुडाशी तोटी बसवली, तिला रबरी नळी जोडली आणि रुग्णालयात धाडले. काम साधे. ज्याचे पोट साफ होत नाही, त्याच्या आतड्यात कोमट पाणी हळूहळू सोडायचे. माणूस कण्हत येतो आणि हलका होऊन जातो. जाताना आभार मानतो ते डॉक्टरांचे, सिस्टरांचे, गोळ्यांचे. माझे? छे! आता तर वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आहेत. त्या संपल्या तरच माझी आठवण होते. एरवी मी पुरुष वॉर्डाच्या संडासात खिळ्यावर लटकलेला असतो.

तिथूनच मी हेडमास्तरांना पाहिले. निवृत्त, करड्या आवाजाचे, गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. दुखण्यावरच्या गोळ्यांनी त्यांचे पोट गच्च झाले होते. रोज सकाळी सिस्टर दारातूनच, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असे विचारत, "काय सर, संडासला झाली का?"

शेजारी सून चहा घेऊन उभी. हेडमास्तर म्हणत, "झाली की! अगदी साफ."

साफ खोटे! वॉकर टेकत ते आत येत, कुंथत, घाम पुसत, मग बाहेरच्यांना ऐकू जावे म्हणून बादलीभर पाणी ओतत आणि तसेच परत जात. माझ्या अंगाचा तिळपापड होई. पण डब्याला तोंड असून उपयोग काय?

पोट फुगले. जेवण बंद झाले. उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर चक्रावले. "रोज साफ होतंय म्हणता, मग हे काय? मोठ्या रुग्णालयात हलवू. कदाचित पोट उघडावं लागेल."

सून रडू लागली. तेवढ्यात हेडमास्तरांची पत्नी आली. तिने सगळ्यांना बाहेर काढले आणि पडदा ओढला. संडासाचे दार उघडेच होते, म्हणून मला ऐकू आले.

"अहो, खरं सांगा. किती दिवस झाले?"

"ऑपरेशनपासून नाही गं."

"मग बोलायचं नाही का?"

"सुनेसमोर काय बोलू, कपाळ!"

पत्नीने हे सांगताच डॉक्टरांनी पुन्हा तपासले, पोटाचा फोटो काढला आणि एनिमा द्यायला सांगितले. पिशव्या नेमक्या संपलेल्या! सिस्टरांनी मला उकळून स्वच्छ केले, कोमट पाणी भरले आणि स्टँडला टांगले. संध्याकाळी हेडमास्तरांनी स्वतःहून जेवण मागितले. हलवायला बोलावलेली गाडी रिकामीच परत गेली. भेटायला येणाऱ्यांना मात्र ते सांगत, "नव्या गोळ्या लागू पडल्या."

घरी जायच्या दिवशी ते आत आले. कडी लावली, वर माझ्याकडे पाहून हात जोडले आणि पुटपुटले, "उपकार झाले बाबा. पण बाहेर कुठे बोलू नकोस."

मित्रांनो, बोललो मी. त्यांना राग आला तर येऊ दे. अहो, नुसत्या लाजेपायी त्यांचे पोट फाडायची वेळ आली होती! म्हणून सांगतो, पोट साफ होत नसेल तर घरी सांगा, डॉक्टरांना सांगा. माझे नाव घ्यायची लाज वाटत असेल तर नका घेऊ. पण वेळेवर या.