अजून एक चमचा

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, 'जुनी' म्हटलं की तुम्ही लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर आणणार, हे मला ठाऊक आहे. पण लोणचं माझ्या नशिबी कधी आलंच नाही. मी फोटोच्या दुकानातली बरणी. माझ्यात पाप-पुण्य ढवळलं गेलं आहे.

भट्टीतून बाहेर आले तेव्हा मी लालबुंद होते, असं सांगतात. मला काही आठवत नाही. आठवतो तो पहिला हात, आमच्या फोटोवाल्याचा. बाजारातल्या ढिगातून त्याने मला उचललं, उजेडात धरलं, गोल फिरवलं आणि म्हणाला, "हिच्या आरपार अगदी स्वच्छ दिसतं." कौतुक कोणाला नको असतं? मी तेव्हाच त्याची झाले.

दुकानाच्या मागे एक अंधारी खोली होती. तिथे तो फोटो धुवायचा. फोटो पक्का करायला हायपो लागतो, म्हणजे साखरेच्या खड्यांसारखं दिसणारं एक रसायन. तो माझ्यात हायपो कालवायचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी मात्र मला घासूनपुसून पुढच्या खोलीत टेबलावर मानाने बसवलं जाई, कारण त्या दिवशी तिथे मुलांचा प्रार्थनेचा वर्ग भरे. फोटोवाला देवभक्त माणूस होता. मुलं त्याला काका म्हणत.

वर्गाच्या शेवटी माझी पाळी यायची. काका माझ्यात पाणी भरायचे. "हे आपलं मन," ते म्हणायचे. मग जखमेवर लावतात ते आयोडिन थेंब थेंब टाकायचे. पाणी तपकिरी व्हायचं. "हे पाप. आता घासा, पुसा, देवापुढे नाक घासा, जातंय का?" मुलं माना हलवायची. मग ते छोट्या डबीतून चमचाभर हायपो काढून माझ्यात टाकायचे आणि ढवळायला एखाद्या मुलाला बोलवायचे. बघता बघता पाणी लख्ख! "ही क्षमा," काका म्हणायचे, आणि मुलं अशी टाळ्या पिटायची की माझ्या अंगावर शहारा यायचा.

काकू दारात उभ्या राहून हसायच्या. "चमचाभर पुडीने पापं जायला लागली तर मी पोतंभर मागवते," त्या म्हणायच्या.

"अगं, दाखला आहे तो!"

"मग दाखला घरातही दाखवा कधीतरी."

काकूंचा टोला कशावर होता, ते मला नंतर कळलं. लहानपणी माझं पाणी सगळ्यांत जास्त वेळा ढवळलं ते त्यांच्याच मुलाने. पण तो मोठा झाला, आणि बापलेकांचं विळ्याभोपळ्याचं सख्य झालं. "फोटो धुण्यात आता काही राम नाही," मुलगा म्हणाला. काका म्हणाले, "तर मग या घरातही तुझं काही नाही." तो गेला. पुढे काकू अंथरुणाला खिळल्या. निरोपावर निरोप गेले. मुलगा आला नाही. काकूंना शेवटचं पोचवायलाही आला नाही. चूक त्याची होती, मी नाही म्हणत नाही. काका त्या दिवसापासून त्याचं नावही काढेनासे झाले. वर्ग मात्र चालू राहिला. क्षमेवर ते पूर्वीइतकंच गोड बोलायचे.

आणि एका सकाळी, वर्ग चालू असताना, तो मुलगा येऊन मागच्या बाकावर बसला. केस पांढरे व्हायला लागलेले, हातात टोपी चुरगाळलेली. काका आयोडिनचे थेंब टाकत होते. त्यांनी मान वर केली, त्याला पाहिलं, आणि त्यांच्या हातातली बाटली तशीच कलती राहून अर्धी माझ्यात रिकामी झाली. पाणी काढ्यासारखं काळंभोर!

काकांनी नेहमीचा चमचा टाकला. काही फरक नाही. डबी उपडी केली. काळ्याचं तांबूस झालं, एवढंच.

पुढच्या रांगेतली एक चोंबडी पोर ओरडली, "काका, क्षमा कमी पडली! अजून टाका की!"

तेवढ्यात मुलगा उठला. अगदी हळू म्हणाला, "बाबा, मी आतून आणू? डबा कुठे असतो ते मला माहीत आहे."

मित्रांनो, मी काचेची आहे, पण त्या वेळी माझा जीव टांगणीला लागला होता. आतल्या फळीवर हायपोचा मोठा डबा काठोकाठ भरलेला होता. फक्त 'आण' म्हणायचं होतं. काकांचे ओठ हललेही. मग ते म्हणाले, "पाहुण्यांनी आत जायचं नसतं."

मुलगा टोपी घालून निघून गेला.

तो समोरच्या शिंप्याकडे आपल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता ठेवून गेला होता. शिंपी येता-जाता म्हणायचा, "अहो, पोरगा इथेच आहे अजून. जा की एकदा!" काका म्हणायचे, "बघू." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. माझ्यातलं पाणी त्यांनी ओतलं नाही. झाकणही लावलं नाही. ते रोज माझ्याकडे बघायचे आणि बघून तोंड फिरवायचे.

आयोडिन उघड्यावर ठेवलं की आपोआप उडून जातं. हळूहळू मी पिवळी दिसू लागले, मग फिकी, आणि एका सकाळी पाणी नितळ. कोणी काही टाकलं नव्हतं, कोणी ढवळलं नव्हतं. काकांनी मला उचलून उजेडात धरलं. मग घाईघाईने इस्त्रीचा सदरा घातला आणि शिंप्याकडून पत्ता घेऊन गेले.

दुपारी परत आले, ते भिंतीला धरून. मुलगा खोली सोडून गेला होता. कुठे, ते घरमालकिणीला माहीत नव्हतं. "पुष्कळ दिवस वाट बघितली हो त्याने," ती म्हणाली होती. शिंप्याला राहवलं नाही. "बैल गेला आणि झोपा केला," तो म्हणाला, आणि लगेच त्याचाच चेहरा पडला.

वर्ग बंद झाला. दुकानही बंद झालं. आता काका सकाळी माझ्यात पाणी भरतात आणि आतला तो डबा पुढ्यात घेऊन बसतात. स्वच्छ पाण्यात एक चमचा टाकतात, ढवळतात, अजून एक टाकतात. तळाशी खडे साचतात. मी ते धरून असते. दुसरं काय करणार?

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी फुटले तर दुसरी बरणी मिळेल. पण तुमच्या दारात कोणी टोपी चुरगाळत उभं राहिलं, तर त्याला आत जाऊ द्या. डबा कुठे आहे ते त्याला माहीत असतं.