एथॉलची उठबस

एथॉल थर्लीला मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, तेव्हा त्याची बायको मर्ल परसात कपडे वाळत घालत होती. रिकामी बादली घेऊन ती आत आली, तर नवरा मोरीच्या दारात आडवा. उजवा हात अंगाखाली मुडपलेला, आणि बोलायला जावं तर तोंडातून नुसती घरघर. हेलिकॉप्टरनं त्याला होबार्टच्या मोठ्या इस्पितळात नेलं. जीव वाचला, वाचाही बरीचशी परत आली. पण उजवा पाय ओढतच राहिला आणि उजवा हात निम्मा कामाचा, निम्मा शोभेचा झाला. मे महिन्यात तो घरी परतला, तेव्हा काठी टेकत का होईना, मोटारीपासून दारापर्यंत आपल्या पायांनी चालत आला होता.

मोरीच्या दारातलं ते दृश्य मात्र मर्लच्या डोळ्यांपुढून हलेना. बाई तशी घाबरट नव्हती. तळ्याकाठच्या त्या वस्तीतल्या, डॉसन्स बेच्या लॉजमध्ये मासे धरायला येणाऱ्या लोकांसाठी तिनं उभा जन्म रांधलं होतं, आणि जास्त चढलेल्या गिऱ्हाइकांना नुसता कलथा दाखवून झोपायला पाठवलं होतं. पण आता एथॉल खुर्चीत जरा कलला तरी ती दचकून वळे. चहा हातात, पायमोजे पायात, औषध जिभेवर. मटणाचा तुकडा कापून, वर बटाटा कुस्करून ताट मांडीवर. शेगडीत लाकूड तीच घाली, टीव्हीचं बटण तीच दाबी. तो उठू लागला की ती हातातलं काम टाकून धावे आणि त्याच्या काखेत हात घाली.

पहिले काही दिवस एथॉल कुरकुरला. मग गप्प झाला. आणि मग, खरं सांगायचं तर, त्याला ते आवडायला लागलं. जन्मभर तो वीजकेंद्राच्या कालव्यावर गस्त घालणारा माणूस. तिकडच्या ऐन हिवाळ्यात, जुलैच्या हिवात, कुदळीनं बर्फ फोडत, पाण्याची वाट मोकळी करत तो काठाकाठानं मैलोन् मैल हिंडला होता. आता शेगडीपुढं गोधडी घेऊन बसायला मिळतंय तर बसावं, असं त्याच्या मनानं घेतलं.

जूनमध्ये हिमवर्षाव सुरू झाला. उन्हाळी घरांना कुलपं लागली. सगळ्या वस्तीत तीनचार धुराडीच काय ती धुरावत राहिली. अंगणातली वाट काचेसारखी झाली. घरातसुद्धा स्वयंपाकघर सोडलं तर बाकीच्या खोल्यांत तोंडातून वाफ निघे, त्यामुळे सारा संसार शेगडीभोवती गोळा झाला आणि एथॉलच्या खुर्चीचं आसन पक्कं झालं.

त्याच्या व्यायामासाठी सेला फोनुआ नावाची फिजिओ खालच्या गावातून, रस्ता उघडा असेल तेव्हा, येत असे. टोंगा बेटांकडची, आडव्या बांध्याची, मोठ्यानं हसणारी बाई. जूनच्या अखेरीस ती आली, बूट झटकून आत शिरली आणि म्हणाली, "हं, एथॉल, उठा. खिडकीपर्यंत जाऊन या."

एथॉलनं खुर्चीच्या हातांवर जोर दिला. तो अर्धवट उठतो न उठतो तोच मर्ल पुढं झाली.

"मर्ल," सेला म्हणाली, "तुमचे हात जरा खिशात घाला बघू."

"तो पडेल."

"पडले तर मी आहे. घाला खिशात."

मर्लनं एप्रनच्या खिशात हात कोंबले. एथॉलनं एकदा प्रयत्न केला, बसला. दुसऱ्यांदा केला, बसला. तिसऱ्या खेपेला उभा राहिला, पण गुडघे लटपटत होते आणि खिडकी गाठेपर्यंत त्याला दम लागला. सेलाचं हसू मावळलं.

"मे महिन्यात तुम्ही याच्यापेक्षा बरे चालत होतात," ती म्हणाली. "दिवसभर काय करता?"

"बसतो," एथॉल म्हणाला.

"बाहेर एवढा बर्फ," मर्ल म्हणाली. "धडधाकट माणूस घसरतोय, हा कुठं चालणार?"

"बर्फ बाहेर आहे. घरात तर पडला नाही ना?"

मर्लला ते झोंबलं. सेलानं मग तिला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "तुम्ही यांची सेवा करताय, मला दिसतंय. पण जो पाय वापरला नाही तो आटतो. वसंतापर्यंत असंच चाललं तर यांना उचलायला दोन माणसं लागतील. तुम्हाला एकटीला जमणार नाही आणि मग यांना इथं राहता येणार नाही."

जाण्यापूर्वी तिनं एथॉलकडून सगळं करून घेतलं. टीव्हीवर जाहिराती लागल्या की खुर्चीतून उठायचं नि बसायचं. भांडी घासायच्या ओट्याची कड धरून टाचा उचलायच्या. उजव्या हातानं टॉवेल पिळायचा, लोणी लावायचं, जमेल तसं. पडल्यावर उठायचं कसं, तेही तिनं जमिनीवर स्वतः लोळून दाखवलं: कुशीवर व्हायचं, रांगत खुर्ची गाठायची, तिच्यावर कोपरं टेकून आधी धड असलेला पाय उभा करायचा.

"आणि शेगडीची लाकडं यांनी आणायची," ती म्हणाली. "एका वेळी एक. घाई कुणाला आहे?"

घाई मर्लला होती. लाकडं मागच्या ओसरीवर रचलेली, आणि तिथून शेगडीपर्यंत म्हणजे सबंध बोळ आणि स्वयंपाकघर ओलांडायचं. एथॉल एक ओंडका काखेत धरून निघाला की घड्याळ थांबल्यासारखं वाटे. काठी टक, पाय फरफट, पुन्हा टक. ती पाठमोरी होऊन बटाटे सोलू लागे, पण कान बोळात. शेवटी एके दिवशी तो डुलकी काढत असताना तिनं टोपली शिगोशीग भरून ठेवली.

तो जागा झाला, टोपलीकडं बघत राहिला. "हे काय?"

"जाता जाता आणली."

"मग मी काय आणू?"

"बस ना जरा. उद्या आण."

एथॉलनं गोधडी वर ओढून घेतली. असे उद्या बरेच झाले. दोघांनाही ते सोयीचं होतं, म्हणून त्यावर भांडणही झालं नाही.

जुलैत मर्लच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. नाही म्हणावं तर पुन्हा वर्षभर थांबायचं. एक रात्र होबार्टला बहीण डॉटकडं काढायची, दुसऱ्या दिवशी डोळा तपासून परत यायचं, एवढाच बेत होता. शेजारचा केल्विन बार्ट आपल्या गाडीतून नेणार-आणणार होता. मर्लनं भोपळ्याचं सूप करून ठेवलं, ब्रेड कापून ठेवला, लाकडांची रास शेगडीच्या तोंडाशी लावली.

"शेगडीत एकेकच घाल," तिनं बजावलं. "आणि कारणाशिवाय उठू नकोस."

"उठू नको तर घालू कसं?" एथॉल म्हणाला.

डोळा नीट झाला, पण त्याच रात्री वरच्या भागात असा हिमवर्षाव झाला की घाटरस्ता बंद पडला. विजेच्या तारा तुटल्या, फोन मुका झाला. केल्विन होबार्टला लेकीकडं अडकला, आणि वस्तीत एथॉलकडं डोकावणारं जवळपास कुणी नव्हतं. मर्ल बहिणीच्या बैठकीत फोन कानाला लावून बसली.

"मर्ल, वाजत नाहीये तो. ठेव खाली," डॉट म्हणाली.

"सूप एव्हाना संपलं असेल."

"संपलं तर दुसरं काही खाईल."

"लाकडं संपली तर?"

"ती कुठं ठेवलीत हे त्याला माहीत आहे ना? मग झालं. अगं, पन्नास हिवाळे काढलेत त्यानं तिथं."

"तेव्हा त्याला दोन पाय होते."

डॉट उठली. तिनं चहा ठेवला. मर्लनं दोन दिवस त्या घरात कशातच मन घातलं नाही. मोरीचं दार तिच्या एका उघड्या डोळ्यापुढंही दिसे नि झाकलेल्यापुढंही.

बर्फ काढणारं यंत्र वर निघालं तसा केल्विन गाडी घेऊन आला आणि दोघं यंत्राच्या मागोमाग गोगलगाईसारखे चढू लागले.

"तू पाय दाबून गाडी लवकर जाणार नाही," केल्विन म्हणाला. "ब्रेक माझ्याकडं आहे."

"तू रस्त्याकडं बघ."

"बघतोय. एथॉलला काही झालं नसेल गं. हट्टी माणसं गोठत नाहीत."

वळण ओलांडलं आणि धुराडं दिसलं. त्यातून धूर निघत होता. मर्लच्या गळ्यातून एक विचित्र आवाज निघाला. केल्विननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घरात पाऊल टाकायला जागा नव्हती. मागच्या दारापासून शेगडीपर्यंत बोळभर खुर्च्या मांडलेल्या: जेवणाच्या टेबलाच्या चारही, पाहुण्यांच्या खोलीतला स्टूल, न्हाणीघरातला पाट उलट्या ठेवलेल्या डब्यावर. प्रत्येकीवर एकेक ओंडका. जमिनीवर साली, चिखल, पाण्याचे ओघळ. टेबलावर सालासकट उकडलेले बटाटे आणि चाकूनं कसाबसा भोसकून उघडलेला मासळीचा डबा. एथॉल शेगडीपाशी उभा होता. दाढीचे खुंट वाढलेले, कपाळावर डाव्या बाजूला निळंजांभळं टेंगूळ.

"आलीस," तो म्हणाला. "डोळा कसा आहे?"

"हे काय मांडलंयस?"

"एक लाकूड घेऊन एवढं लांब येववत नाही. मग या खुर्चीवरून त्या खुर्चीवर ठेवत आणतो. दमलो तर लाकूड उचलून मी बसतो."

"आणि कपाळाला?"

एथॉलनं केल्विनकडं पाहिलं. केल्विननं छताकडं पाहिलं. "पडलो," एथॉल म्हणाला. "परवा. बोळात, अंधारात. बराच वेळ तसाच होतो. मग त्या बाईनं दाखवलं तसं रांगत खुर्चीपर्यंत आलो. उठलो."

मर्लला रडू यायला हवं होतं, निदान हायसं तरी वाटायला हवं होतं. आला तो राग. केल्विन गेल्यावर ती एकेक खुर्ची जागेवर नेऊ लागली.

"राहू दे त्या," एथॉल म्हणाला.

"घर आहे हे. गोदाम नाही."

"मर्ल, राहू दे."

तिनं ऐकलं नाही. पण शेवटची खुर्ची उचलताना तिला आठवलं की डॉक्टरनं वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं बजावलं होतं. काही दिवस तरी. ती खुर्ची तिथंच टेकवून तिच्यावरच बसली. आपण नसताना हा जगला, शेगडी विझू दिली नाही, पडून उठला, आणि यातल्या कशालाही आपण लागलो नाही, हे तिला आत कुठंतरी लागलं होतं. असं वाटणं बरं नव्हे हेही तिला कळत होतं.

सकाळी ती उठली तेव्हा वीज परत आली होती, बोळात खुर्च्या पुन्हा मांडून झाल्या होत्या आणि काठी टक टक करत येत होती. ती सवयीनं पुढं झाली.

"बस तू," एथॉल म्हणाला. "डोळ्यावर ताण येईल."

"काठी तरी धरते."

"डॉक्टरनं काय सांगितलंय? बस."

ती बसली. चहा आला, अर्धा बशीत सांडलेला. टोस्ट आला, लोण्याचे गोळे एका कोपऱ्यात साचलेले. दुपारपर्यंत तिची पाठ धरली, आणि "बस, बस" ऐकून ऐकून कान किटले.

"एकदा आणखी बस म्हणालास तर ताट फेकीन," ती म्हणाली.

"आता आलं तुझ्या लक्षात, मी गप्प का झालो होतो?" एथॉल म्हणाला. जीभ जड असल्यामुळे वाक्य सावकाश आलं, त्यामुळे तिला ते सबंध ऐकावं लागलं.

तिनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला तू मोरीच्या दारात दिसतोस. अजून."

"मला नाही आठवत ते."

"तुला कसं आठवेल? पाहिलं मी."

त्यानं डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. टीव्हीवर जाहिराती लागल्या तसा तो काढून घेतला, कारण त्याला उठायचं होतं.

सेला ऑगस्टमध्ये आली तेव्हा तिनं आधी बोळातल्या खुर्च्या पाहिल्या आणि दारातच थांबून मोठ्यानं हसली. त्यातल्या दोन मात्र तिनं काढायला लावल्या. अंतर वाढवायचं म्हणाली. एथॉल हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठला. मग तिनं मर्लकडं वळून विचारलं, "आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय?"

"उठून दाखवा. हात न लावता."

मर्ल उठली, पण उठताना गुडघ्यानं जो आवाज केला तो तिघांनीही ऐकला. "तुम्हीही यांच्याबरोबर," सेला म्हणाली.

सगळंच काही नीट झालं असं नाही. उजव्या हाताची बोटं पुरती मिटली नाहीत, आणि आता मिटणार नाहीत, असं सेलानं स्पष्टच सांगितलं. काही दिवस एथॉल सकाळपासून रुसल्यासारखा बसे, जाहिराती येत नि जात. काही दिवस मर्लला राहवत नसे आणि ती बोळातून ओंडका उचलून आणी. मग दोघं चिडत. रविवारी केल्विन जेवायला आला की मटण अजूनही तीच कापून देई, कारण चारचौघांत सुरीशी झटापट करायला एथॉलला आवडत नसे. त्यानं तसं सांगितलं होतं, आणि आता ती विचारूनच कापत होती.

सप्टेंबरात अंगणातली वाट उघडी पडली. दुपारी ऊन आलं की दोघं फाटकाबाहेर पडत, तळ्याच्या बाजूनं केल्विनच्या कुंपणापर्यंत. एक दिवस परतताना मर्ल मागं पडली.

एथॉल थांबला. "काय झालं?"

"काही नाही. हाच गुडघा."

"धरू का हात?"

"नको," मर्ल म्हणाली. मग दोन पावलं टाकून म्हणाली, "उभा राहा तिथंच. येते मी."

तो काठीवर रेलून उभा राहिला, आणि ती येईपर्यंत तळ्याकडं बघत राहिला.