सभागृहातल्या घंटीची चुळबुळ

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे, टेबलावर ठेवायची आणि वरून बोटानं दाबायची. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, मला स्वस्थ बसवत नाही. माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे आणि तिची सारखी वळवळ चालू असते. ज्यानं मला घडवलं, त्या कारागिरानं मला कानाशी धरून वाजवलं आणि तो हसून म्हणाला, "ही पोरगी काही गप्प बसायची नाही!"

माझी नेमणूक झाली एका उपनगराच्या नगरपरिषदेत, थेट अध्यक्षांच्या उजव्या हाताशी. काय तो रुबाब! मी 'टण' केलं की भांडणारे सदस्यसुद्धा मुकाट्यानं खाली बसायचे. शिपाई मला रोज फडक्यानं पुसायचा आणि माझ्यात बघून स्वतःचे केसही विंचरायचा. गटारांची झाकणं, बागेतल्या बाकांचा रंग, कचऱ्याच्या गाड्या, असले विषय एकामागून एक यायचे. "मंजूर?" "मंजूर!" टण. पुढचा विषय.

एका सदस्याला सगळे पाठीमागे 'थोडक्यात' म्हणायचे. "थोडक्यात सांगतो," म्हणून हे गृहस्थ उभे राहिले की खाली बसायचं नाव नको. त्यांच्यासाठी वाजून वाजून माझा घसा बसायची वेळ यायची.

पण मित्रांनो, खरं सांगू? मला जास्त वाजवायचे ते बाहेरून आलेल्या माणसांसाठी. ती बिचारी कधी नव्हे ती सभेत बोलायला यायची, पाणी पिऊन, पदर सावरून उभी राहायची, आणि मुद्द्यावर येतात न येतात तोच टण! माझा जीव कासावीस व्हायचा. पण बोट दुसऱ्याचं, मी काय करणार?

अशीच एक भाजीवाली मावशी सभेला येत होती. समोरच्या बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह पाडायचं आणि तिथं दुचाक्या लावायला जागा करायची, असा विषय होता. शेजारचं पुरुषांचं पाडायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. विषय दर वेळी यादीत शेवटी असायचा, सभा लांबायची आणि तो पुढं ढकलला जायचा. मावशी आपली टोपली उचलून परत जायची.

एके दिवशी दुपारी सभेच्या वेळीच नगरपरिषदेच्या इमारतीतला पाण्याचा पाईप फुटला आणि सगळ्या मजल्यांवरच्या स्वच्छतागृहांना कुलपं लागली. इकडे चहा मात्र दोनदा झाला होता. मग काय विचारता! कुणी पाय हलवतंय, कुणी खुर्चीत कूस बदलतंय, कुणी उगाच उठून खिडकीशी जातंय. अध्यक्षबाई तर माझ्या डोक्यावर बोटानं सारखा ताल धरून बसल्या होत्या. शेवटचा विषय निघाला तेव्हा 'थोडक्यात' जन्मात पहिल्यांदा थोडक्यात बोलले. "मंजूर करून टाका, बाई. मला जरा जायचंय."

मागून मावशी उठली. "कुठं जायचंय, दादा?"

त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"खाली कुलूप आहे. मीपण बघून आले," मावशी म्हणाली. सभागृह खो खो हसलं. ती मात्र हसली नाही. "तुमची ही एका दुपारची गंमत झाली. आमचं रोजचं होईल. माझी सून पोटुशी आहे. डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी पी. ती म्हणते, आत्या, ते पाडल्यावर मी पाणी पिऊन जाऊ कुठं?"

अध्यक्षबाईंचं बोट वर उचललं गेलं. नका हो बाई, नका, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. पण बोट खाली आलंच नाही. बाईंनी माझ्यावर अख्खा तळवा ठेवला आणि हळूच विचारलं, "मावशी, ते आत्ता उघडं आहे का?"

"आहे की. चला ना. मतं काय, आल्यावर घ्या."

सभा तिथल्या तिथं थांबली. बाया मावशीबरोबर निघाल्या आणि पुरुष त्यांच्याही पुढं धावले. रिकाम्या सभागृहात मी एकटी. बाई उरकून येतील आणि 'मंजूर' म्हणून मोकळ्या होतील, ही भीती मला छळत होती. गरज सरल्यावर माणसं कशी विसरतात, हे मी इतक्या सभांमध्ये पाहिलं होतं.

बाई आल्या त्या गंभीर होऊन.

"आत दिवा नाही. दाराला कडी नाही," त्या म्हणाल्या. "मी आत होते, तेवढा वेळ बाहेरून दार धरून ठेवलं ते मावशींच्या सुनेनं. पोट हे एवढं आलंय पोरीचं. वर मलाच म्हणते, सावकाश या ताई, मी आहे." त्यांनी समोरची विषयांची यादी उलटी करून ठेवली. "आणि मी तेच दार पाडायला निघाले होते."

इंजिनीयर चाचरत म्हणाले, "पुढच्या टप्प्यात नवीन बांधणारच आहोत."

"मग पुढच्या टप्प्यापर्यंत हे उभं राहील. उद्या कडी, दिवा आणि नळ. कुणाचा विरोध?"

'थोडक्यात' उठले. "थोडक्यात सांगतो..."

"नको!" सगळे एका सुरात ओरडले. तेही हसत खाली बसले आणि त्यांनी 'मंजूर' म्हणून हात वर केला. मी टण केलं, आणि मित्रांनो, तसं मनापासून मी पुन्हा कधीच वाजले नाही.

आता सभागृहात विजेचा भोंगा आलाय. मी कपाटात पडून आहे आणि माझ्यावर धूळ साचली आहे. त्याचं मला काही नाही. पण कालच दोन कर्मचारी कपाटाशी बोलत होते. अध्यक्ष नवे आहेत, आणि पुढच्या सभेत 'बाजार सुशोभीकरण' नावाचा विषय आहे. पाडायचं काय, तर तेच बायकांचं स्वच्छतागृह. तेव्हापासून माझी स्प्रिंग थांबायला तयार नाही. मला पुसू नका, चकचकीत करू नका. मी इथं कपाटात कितीही तडफडले तरी मला वाजता येत नाही, तुम्हाला बोलता येतं. तेवढं कुणीतरी त्या दिवशी सभेला जा, आणि मावशीला पुन्हा उभं राहावं लागायच्या आधी तुम्ही उभे राहा.