काळी आलेली चिंधी

मी चारशे नंबरची रंगीत फिल्म बोलतेय. आमच्या जातीला स्वस्थ बसणं माहीत नाही. जरासा उजेड दिसला की झडप घालायची. आणि मला ठेवलं होतं कुठे? झांझिबार शहरातल्या फोटोच्या दुकानात, फ्रीजमध्ये, बंद डबीत. जीव नुसता तळमळायचा.

मग दोघी आल्या. मिझे, समुद्रात शेवाळाची शेती करणारी, पन्नाशीची, दणदणीत आवाजाची. बरोबर भाची सुबिरा. पाण्याखाली चालणारा कॅमेरा सुबिरानं मागून आणला होता. फोटो मात्र जन्मात काढला नव्हता.

"कोणती फिल्म घालू यात?" तिनं विचारलं.

"पाण्यात पहिल्यांदाच ना? मग स्लाइडची नको, तिच्यात चुकीला माफी नाही. शंभरची पण नको, तिला ऊन फार लागतं. चारशेची ने," दुकानदार म्हणाला. "फोटो जरा रवाळ येईल."

"रवाळ येऊ दे नाहीतर खरखरीत," मिझे म्हणाली. "मला काय भिंतीवर टांगायचाय? त्या खेरीचा नांगर दिसला म्हणजे झालं."

किनाऱ्याजवळचं पाणी तापून शेवाळ मरायला लागलं, म्हणून मिझेनं खोल पाण्यात खुंट ठोकून आपले दोर तिथे नेऊन बांधले होते. नेमकी तिथेच बोटवाला खेरी परदेशी पाहुण्यांची बोट उभी करायचा, आणि त्याचा नांगर दोर तोडायचा. तो कबूल होईना. शुक्रवारच्या नमाजानंतर गावप्रमुख वुआई निकाल देणार होते, जागा शेवाळाची की बोटींची. जागा गेली तर मिझेची चूल विझलीच.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात सुबिरानं बुडी मारली. पहिले फोटो लांबून काढले. आला काय, निळा धूर! मी आतून चरफडत होते, अगं बाई, जवळ जा, हात पोचेल इतकी जवळ! दम संपला, वर गेली, पुन्हा आली. शेवटी नांगराला नाक लागेल इतकी पुढे सरकली. खटक! नांगर, तुटका दोर, आणि दोरावर मिझेच्या लाल कांगाची चिंधी. जी ती बाई आपल्या अंगावरच्या कापडाची चिंधी बांधते, म्हणजे दोर कुणाचा ते कळतं.

शहरात मला धुतलं, फोटो निघाले, आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. खोल पाणी आधी लाल रंग गिळतं. ओळखीच्या कापडाचा रंग माणसाचा डोळा आठवणीनं सांभाळून घेतो. मला ते जमत नाही. समोर येईल तेवढंच धरते. चिंधी काळी आली होती.

बैठकीत खेरी खो खो हसला. "मिझेकाकू, तुमची चिंधी लाल, साऱ्या गावाला माहीत. ही काळी कुणाची? भुताची?"

लोक खिदळले. वुआईंनी फोटो बाजूला ठेवला.

मिझे उठली. "हस मेल्या, हस. रमजानच्या आधी खाली नांगर सोडवताना साखळीत तुझा हात चिरला होता ना? तिथे तळाशी रक्त कसलं दिसलं रे?"

"काळं. मला वाटलं, माकुळानं शाई सोड..." खेरीनं तोंड मिटलं, पण उशीर झाला होता.

"मग माझंच कापड तेवढं खाली लाल दिसेल होय?"

आता लोक खेरीला हसत होते. वुआई म्हणाले, "खेरी, बोट खुंटांच्या बाहेर. नांगर पुन्हा आत पडला, तर बोट वाळूत ओढून ठेवीन."

आता माझे, म्हणजे निगेटिव्हचे, तुकडे मिझेच्या घरी लवंगांच्या डब्यात पडून आहेत. नवं काही धरायची ताकद संपली, तरी चैन पडत नाही. वारा फिरलाय, पाहुणे यायला लागलेत, आणि परवा खेरीची बोट खुंटांना अगदी खेटून उभी होती, असं सुबिरा सांगत होती. खारी हवा मला रोज थोडी थोडी खातेय. बायांनो, त्या फोटोच्या आणखी प्रती काढून घ्या, दोर बांधणाऱ्या प्रत्येकीच्या घरात एक. आत्ताच काढा, मी धड आहे तोवर. एकदा पुसट झाले, की खेरीला पुन्हा तोंड फुटेल.