मिठाच्या पोटातले पाणी

वैशाखाचे ऊन खाडीवर उतरले की मिठागराला रंग फुटत. पहिल्या वाफ्यातले पाणी निळे, दुसऱ्यातले हिरवट, तिसऱ्यातले हळदुले. आणि शेवटच्या वाफ्यात, सूर्याने आटवून आटवून जड केलेले, क्षारगंभीर, संथ पाणी गुलाबी होई. बांधावर उभी राहून बारकूबाय म्हणे, "पान्याला न्हाण आलंय. आता मीठ धरंल."

आणि खरेच, दोन दिवसांत त्या गुलाबी निश्चलतेतून शुभ्र खडे उमलत.

ही लाली येते कुठून, हे बारकूबायच्या मुलीला लहानपणापासून पडलेले कोडे. त्या कोड्याचे बोट धरून दर्शना घरत विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पोचली, पीएच.डी.ला लागली. तिथे तिला कळले की लाली पाण्याची नव्हती, लाली जिवांची होती. जिथे मासा जगत नाही, शेवाळ जगत नाही, त्या दाहक खारेपणात सुखाने नांदणारे, डोळ्यांना न दिसणारे, अरुणवर्ण जीव. एका वैशाखात तिने आईच्या वाफ्यातले चार घोट पाणी काचेच्या फ्लास्कमध्ये भरून आणले. त्या मिठागराचे नाव धाकटे आगर.

त्याच वर्षी मार्गशीर्षात धाकट्या आगरावर भराव पडला. दगड पडले, मुरूम पडला, वरून रोलर फिरला. निळे गेले, हिरवे गेले, हळदुले गेले. गुलाबी तेवढे उरले, एका फ्लास्कमध्ये, इन्क्युबेटरच्या उबेत, कापसाच्या बोळ्याखाली.

त्या पाण्याचा जपून ठेवायचा साठा सोमवारी करू, गोठवून ठेवू, असे दर्शनाने ठरवले होते. शनिवारी तिला कावीळ झाली.

दोन महिने ती गावी अंथरुणावर होती. दोन महिने इन्क्युबेटर इमानाने ऊब देत राहिला. बोळ्यातून वाफ जात राहिली. पाणी आटले, आणखी आटले, आणि एक दिवस आटायलाही उरले नाही.

माघातल्या एका सकाळी ती परतली. सोबत बारकूबाय होती, हातात पथ्याच्या भाताचा डबा. प्रयोगशाळेत काचेची शीतल झळाळी होती, जिवाणू वाढवायला उकळलेल्या अगार-जेलीचा वास होता, पंख्यांची अखंड गुणगुण होती. दर्शनाने फ्लास्क बाहेर काढला. तळाशी मिठाचा पापुद्रा, आणि त्यात चारसहा चौकोनी खडे.

"घरत, भाजीपुरतं मीठ झालंय बघ," शेजारच्या टेबलावरचा सुजय म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून आपल्या टेबलाकडे वळला.

तिच्या मार्गदर्शक केळशीकर मॅडम आल्या. त्यांनी फ्लास्क उजेडात फिरवला, खाली ठेवला. "दुसऱ्या मिठागराचं पाणी आण, दर्शना. विषय थोडा बदलू. दोन वर्षं गेलीत, अजून किती घालवणार?"

दुसरे मिठागर होते. धाकटे आगर नव्हते.

दर्शना नळाशी गेली. तिने तोटी सोडली. पाण्याची धार आणि फ्लास्कचे तोंड यांच्यात वीतभर अंतर उरले.

"धुवू नको गं बाय."

"मेलं सगळं, आये."

"तुला कोनी सांगलं?" बारकूबाय स्टुलावरून उठली. फ्लास्क घेऊन खिडकीशी गेली. चाळीस वर्षे मीठ पारखलेले ते डोळे खड्यात शिरले. "तुझी दृष्ट काढताना खडा निखाऱ्यावर टाकतंय, तो तडतडतो कशानं? मिठाच्या पोटान पानी असतं. कोंडलेलं. आन पानी हाय तं जीव बी असंल."



मॅडमनी खडा चिमटीत घेतला. उन्हात धरला. स्फटिकाच्या धवल गाभ्यात एक इवलासा बुडबुडा होता, आणि बुडबुड्याभोवती, असेल नसेल अशी, लालीची रेघ. त्यांनी खडा दर्शनाच्या तळहातावर ठेवला. मग म्हणाल्या, "नवं माध्यम कर. विरघळव. महिनाभर थांबते मी."

दर्शनाने खारट, जड, निर्जंतुक द्रव तयार केला. खडे त्यात सोडले. खडे झिजले, विरले, दिसेनासे झाले.

मग वाट पाहणे. आठवा दिवस, पाणी काचेसारखे. चौदावा दिवस, काचेसारखे. विसावा दिवस, काचेसारखे. दर्शना रोज सकाळी इन्क्युबेटरचे दार उघडी, रोज हलकेच लावी. सुजयने थट्टा केव्हाच सोडली होती. आता तोच आधी विचारी, "आज?"

तेविसाव्या सकाळी तिने फ्लास्क पांढऱ्या कागदासमोर धरला. पाणी निवळ राहिले नव्हते. त्यात पहाटेच्या पहिल्या पदरासारखी, पुसट, लाजरी, निःसंशय लाली होती.

त्या जिवांतून डीएनए निघाला. अंधाऱ्या खोलीत जेलवर नारिंगी रेघ तेजाळली, भरावाखाली गाडलेल्या वाफ्याची सही जणू. पण त्याआधी, लाली दिसली त्याच दुपारी, तिने साठ्याच्या बारा कुप्या भरल्या, प्रत्येकीवर लिहिले, धाकटे आगर, आणि फ्रीझरच्या शुभ्र हिमात ठेवल्या. यावेळी सोमवारची वाट पाहिली नाही.

रविवारी बारकूबाय आली. लेकीने फ्लास्क तिच्या ओंजळीत ठेवला. खिडकीतून फाल्गुनाचे ऊन आत आले, पाण्यातून गाळून गुलाबी झाले, आणि खाऱ्या पाण्याने फाटलेल्या, रेघारेघांनी वाफे पडलेल्या त्या तळहातावर पसरले. एकेक रेघ भरली, एकेक वाफा भरला.

"न्हाण आलंय," बारकूबाय पुटपुटली.

आणि तिने ओंजळ जराही हलू दिली नाही.