राणीच्या ओठांसमोरचा आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. माझ्या वरच्या कोपऱ्यातला पारा उडाला आहे, तेवढी जागा सोडली तर तब्येत ठणठणीत आहे. माझी उमेदीची वर्षं आष्ट्याच्या पेठेत, धनाजीच्या केशकर्तनालयात गेली. लग्नाला उभे राहिलेले नवरदेव, लष्कराच्या भरतीला निघालेली पोरं, सगळे माझ्यासमोर बसले. मिशीवरून हात फिरवून जो तो खूश व्हायचा. खरं तर ते स्वतःवर खूश असायचे, मला मात्र वाटायचं की माझ्यावरच आहेत.

मग दुकानात भिंतभर नवे आरसे आले आणि मी मागच्या बोळात पोत्यांआड जाऊन पडलो. गरज सरो, वैद्य मरो! पण धनाजीने मला भंगारात घातलं नाही, याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे. वरच्या मजल्यावर प्रियदर्शनीताईंनी बोलायला अडणाऱ्या लहान मुलांसाठी वर्ग सुरू केला, तेव्हा त्याने मला धुऊनपुसून त्यांच्या हाती दिलं. "ताई, पारा उडालाय जरा, पर तोंड खरं दावतोय," तो म्हणाला. ताईंनी मला भिंतीवर अगदी खाली लावलं, सतरंजीवर बसलेल्या मुलाचा चेहरा दिसेल इतकं.

तिथे राणी आली. वय जेमतेम पाच, डोळे चुणचुणीत. तिला समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघता निघत नसे, आणि निघालाच तर दर वेळी वेगळाच निघे. पोर पोपटासारखी बोलू लागेल म्हणून तिच्या आजीने, धोंडुबाईने, तिला पोपटाने टोचलेले पेरूसुद्धा चारून पाहिले होते.

"जीभ जड आहे पोरीची," धोंडुबाई म्हणाली.

"जीभ जड नाही, आजी," ताईंनी समजावलं. "काय बोलायचं ते राणीला पक्कं ठाऊक आहे. पण आधी काय हलवायचं, मग काय, हा मेंदूचा निरोप ओठांना आणि जिभेला नीट पोचत नाही. रोज सराव केला की वाट मळेल."

राणीचे आईबाप मेंढरं घेऊन कोकणाकडे निघाले होते. जाण्याआधी तिची आई शालूबाई ताईंना भेटून गेली. "माघारी यीन तवा पोरीनं मला एक हाक मारावी. दुसरं कायबी नगं," एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून ताईंनी पहिला शब्द घेतला, 'आई'. राणी माझ्यात बघून तोंड उघडायची आणि घामाघूम व्हायची. कधी 'आ' यायचा, कधी नुसती हवा. मीही फारसा कामाचा नव्हतो. 'ई' म्हणताना जिभेची सगळी करामत आत चालते, ती मला कुठून दिसणार? मग राणी माझ्याकडे पाठ करून बसायची. तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

एकदा वर्ग चालू असतानाच शालूबाईचा फोन आला. एरवी वर्गात जपून, छापील बोलणारी धोंडुबाई त्या आनंदात सगळं विसरली. "राणे, ह्यो बग, बयाचा फोन आलाय!"

राणीने ओठांवर ओठ घट्ट दाबले. आवाज आला नाही, पण मला ते ओठ दिसले आणि ताईंनाही माझ्यात दिसले.

"आजी, बया कोण?" फोन झाल्यावर ताईंनी विचारलं.

धोंडुबाई ओशाळली. "आवं ताई, आमच्यात आयला बयाच म्हंत्यात. हितं शिकायला आलोय, म्हनून मी शुद्ध बोलत हुते. आमचं बोलनं पोरीला लागाय नगं."

ताईंना हसू आवरेना. "अहो आजी, आमच्या कोरेगावच्या घरीसुद्धा हाय-न्हाईच चालतं. राणीला घरी जे बोलायचंय, तेच इथे शिकायचंय. चूक माझीच, मी आधी विचारायला हवं होतं."

घरात कुणी म्हणत नाही तो शब्द पोर बिचारी इतके दिवस घोटत होती! दुसऱ्या दिवसापासून 'बया' सुरू झालं आणि माझं नशीब फळफळलं. 'ब' म्हणजे ओठ मिटणं, आणि ते मी स्वच्छ दाखवतो. ताई आपले ओठ मिटायच्या, राणी माझ्यात बघून आपले. 'बाबा' यायचं, नुसतं 'या' यायचं, कधी रडू यायचं. पण आता ती माझ्याकडे पाठ करत नव्हती.

मेंढरं माघारी फिरली. एका सकाळी शालूबाई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. राणी मागे वळली नाही. तिने आईला माझ्यातच पाहिलं. तिचे ओठ मिटले. धोंडुबाई घाईने तो शब्द सांगणार होती, पण ताईंनी हातानेच तिला थोपवलं. सगळे थांबले.

"ब... या."

शालूबाई उंबऱ्यातच मटकन बसली. "ओ," ती म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "आनि एकदा म्हन, बाळा." दुसऱ्यांदा 'बाबा' आलं, तिसऱ्यांदा नुसतं 'या'. शालूबाई प्रत्येक हाकेला ओ देत राहिली.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी माझी तक्रार नाही. या भिंतीने मला उदंड दिलं आहे. मागणं आहे ते राणीसारख्यांसाठी. तुमच्या वर्गात, गल्लीत असा कुणी असेल, तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. थांबा. आणि हाक कशीही वेडीवाकडी आली, तरी तिला ओ द्या.